तळ्याच्या बाजूचं गॅरेज

आमचं घर गल्लीतलं शेवटचं. त्याच्या मागे तळं. बडोद्यात सुभानपुऱ्याच्या पुढे आम्ही हा प्लॉट घेतला तेव्हा इकडे यायला रिक्षावाले कुरकुर करायचे. प्लॉट पुढे अरुंद आणि मागे रुंद, म्हणजे गोमुखी, म्हणून सासूबाई खूश होत्या. मिस्टर खूश होते ते मागच्या मोकळ्या जागेवर. ते रिफायनरीत देखभाल खात्यात इंजिनियर होते, मी शाळेत शिकवायचे. मागे एक दिवस गॅरेज बांधायचं, त्याला शटर लावायचं, आत भिंतीला खुंट्या ठोकून पाने-पक्कड टांगायचे, असं ते घराचा पाया खणला जात होता तेव्हापासून म्हणत होते. नोकरी, मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न, ह्यात ते राहून गेलं. गाडी गल्लीत दारासमोर उभी राहायची आणि त्याने कोणाचं अडतही नव्हतं.

मग तळ्याचं सुशोभीकरण झालं. काठाने फरसबंद वाट आली, बाकं आली, दिवे आले. आमची गल्ली त्या वाटेकडे जाणारा रस्ता झाली. सकाळ-संध्याकाळ माणसं फिरायला येऊ लागली आणि गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली, इथे वाहनं उभी करू नयेत. पाटी योग्यच होती. आम्ही गाडी मोठ्या रस्त्यावर किराणा दुकानाच्या बाजूला ठेवायला लागलो. ह्यांना तेवढं चालायला काही वाटत नसे. उलट म्हणायचे, आपलंही फिरणं होतं.

त्याच हिवाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, नंतर थोडा परत आला. बोलणंही परत आलं, पण फार सावकाश. शब्द आतमध्ये कुठेतरी असायचा, तो शोधून आणायला वेळ लागायचा. डॉक्टरांनी एक दिवसाआड फिजिओथेरपीला न्यायला सांगितलं. रिक्षाची पायरी उंच, धरायला काही नाही, आणि आतमध्ये सरकून बसणं ह्यांना जमेना. गाडीच बरी पडायची. पण गाडी मोठ्या रस्त्यावर, आणि चालवणार कोण? एक ड्रायव्हर फोन केला की यायचा, कधी यायचा नाही. तो गाडी गल्लीत आणायचा, ह्यांना बसवेपर्यंत मागे कचऱ्याची गाडी येऊन उभी राहायची, आणि ती हॉर्न देत राहायची.

गाडी मागच्या जागेत आणता आली असती. घर आणि शेजारची भिंत ह्यांच्या मधल्या पट्टीतून ती जेमतेम जाते. नुसती उघड्यावर ठेवायची तर परवानगीही लागत नव्हती. पण बडोद्याच्या मे महिन्यात उघड्यावरच्या गाडीच्या दाराला हात लावता येत नाही, पावसाळ्यात मागे चिखल होतो, आणि कडुलिंबावरची वानरं टपावर उड्या मारतात ती वेगळीच. आणि ह्यांना गाडीत बसायला वेळ लागतो. तेवढा वेळ उन्हात किंवा पावसात उभं राहणं त्यांच्याने होत नव्हतं.

एका संध्याकाळी तळ्याकडे बघत बसले असताना ते म्हणाले, "मागे... गॅरेज."

"आत्ता?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. आत्ताच.

नकाशे काढून देणारा एक इंजिनियर मुलीच्या ओळखीतून मिळाला. तरुण, चटपटीत. त्याने प्लॉट पाहिला, टेप लावली आणि सांगितलं, "काकू, इथे अडचण आहे. तळ्याच्या बाजूचं मार्जिन मोकळं ठेवायचं असतं. काहीही बांधता येत नाही."

"मग?"

"सूट मागता येते. खास अडचण असेल तर. अर्ज करायचा, शेजाऱ्यांना विचारतात, सुनावणी होते, मग कमिटी ठरवते. काकांच्या तब्येतीची कागदपत्रं जोडू. होईल."

त्याने नकाशा काढला. तीन बाजूंना विटांच्या भिंती, समोर शटर, वर स्लॅब, खाली उंच जोत्यावर काँक्रीटची फरशी. ह्यांनी तो कागद डाव्या हातात धरून बराच वेळ पाहिला. भिंतीवर बोट ठेवून मला दाखवलं. खुंट्यांची जागा.

अर्ज गेला. काही दिवसांनी एका दुपारी शेजारच्या बेन आल्या. बेन म्हणजे आमच्या बाजूच्या बंगल्यात एकट्या राहतात त्या. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या, पंचाहत्तरीच्या, सडपातळ. पांढरी छोटी गाडी स्वतः चालवतात आणि स्वतःच धुतात. आमची इतक्या वर्षांची पद्धत अशी की मी मराठीत बोलायचं, त्यांनी गुजरातीत, आणि दोघींना सगळं कळायचं. त्या कधी बसल्याशिवाय जायच्या नाहीत, पण त्या दिवशी दारातच उभ्या राहिल्या.

"तुमच्या गॅरेजला मी वांधो लिहून दिला आहे," त्या म्हणाल्या. वांधो म्हणजे हरकत. "ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको, म्हणून सांगायला आले."

"ह्यांची तब्येत तुम्ही बघताय ना," एवढं मी म्हटलं.

"बघते. म्हणूनच आठवडाभर विचार केला. पण पाण्याला रस्तो जोईए. तुम्ही तिथे जोतं उचललं की गल्लीचं सगळं पाणी माझ्याकडे येणार."

पुराच्या वर्षी त्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं हे मला माहीत होतं. पाणी ओसरल्यावर त्यांच्या मागच्या पायरीवर मगर बसलेली होती आणि तिला न्यायला माणसं येईपर्यंत त्या आमच्याकडे चहा पीत बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडच्या बंगलेवाल्यांनी आपलं मार्जिन भरून घेतल्यापासूनच असं होतं, असं त्या नेहमी म्हणायच्या. मी ते ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. आमच्या घरात पाणी आलं नव्हतं.

त्या गेल्या. मी आत येऊन ह्यांना सांगितलं. ते नकाशा उघडून बघत राहिले. मला मात्र राग आला. ज्यांचे पाय धड आहेत त्यांना कसं कळणार, असं काहीबाही मी स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलत राहिले. पुढचे बरेच दिवस मी बेनशी बोलले नाही. कपडे वाळत घालायला गेले आणि त्या दिसल्या तर दोघी आपापल्या तारेकडे बघायचो.

सुनावणीच्या दिवशी ड्रायव्हर आला नाही. फोन लागत नव्हता. हे इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन व्हरांड्यात बसले होते. मी गेटपाशी उभी राहून रिक्षा बघत होते, पण आमच्या गल्लीत रिकामी रिक्षा सहसा येत नाही. तेवढ्यात बेननी आपली गाडी बाहेर काढली. माझ्यासमोर थांबवली आणि काच खाली केली.

"मीही तिथेच चालले आहे. बेसो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते काठी टेकत उठलेच होते.

बेननी उतरून पुढची सीट मागे सरकवली, ह्यांना आधी पाठ टेकून बसायला सांगितलं, मग पाय एकेक करून आत घेतले. हे सगळं त्यांनी इतक्या सहज केलं की मला मदतीला जायला जागाच उरली नाही. मागे मी बसले. जुन्या शहरातल्या मांडवीकडे जाणाऱ्या वाहनांची गर्दी होती, पण त्या न चिडता, न थांबता गाडी काढत गेल्या. एकदा सिग्नलला हे म्हणाले, "क्लच... छान."

"नवो नाखाव्यो," बेन म्हणाल्या. म्हणजे नवा टाकून घेतला होता. मग दोघं क्लचबद्दल बोलले. ह्यांचं एक वाक्य पुरं व्हायला एक सिग्नल लागत होता. बेन वाट बघत होत्या.

कचेरीत आम्ही तिघं एकाच बाकावर बसलो. शिपायाला वाटलं, आम्ही एकाच घरचे. नाव पुकारल्यावर आत गेलो. टेबलामागे एक मध्यमवयीन अधिकारी होते, बाजूला आणखी दोघं. अधिकाऱ्यांनी ह्यांना खुर्ची द्यायला लावली. आधी आमच्या इंजिनियरने नकाशा पसरून सांगितलं. मग बेन उठल्या. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की ह्या लोकांची अडचण खरी आहे, मी रोज बघते, पण पाण्याचा उतार ह्याच पट्टीतून तळ्यात जातो. तो अडवला तर माझं घर बुडेल. त्यांनी आमच्याबद्दल एकही वाकडा शब्द काढला नाही. त्यामुळे माझी फार पंचाईत झाली. मी उत्तरं पाठ करून आले होते, ती भांडणाची होती.

अधिकाऱ्यांनी कागद चाळले. मग मला विचारलं, "भाईंना गाडी चालवता येत नाही असं डॉक्टरांनी लिहिलंय. मग गाडी कोण चालवतं?"

ड्रायव्हर येतो असं सांगायला हवं होतं. पण ड्रायव्हर त्याच दिवशी आला नव्हता आणि खोलीतल्या तिघांना ते माहीत होतं. ह्यांची नजर गुडघ्यांवर होती. चाळीस वर्षं ज्याने घरातली प्रत्येक गाडी चालवली तो माणूस त्या प्रश्नावर नुसता खाली बघत होता, आणि ते मला बघवेना.

"मी चालवणार आहे," मी म्हणाले.

"लायसन्स आहे?"

"काढते."

अधिकारी थोडे हसले. वाईट नाही हसले. "ठीक. आम्ही जागा बघायला येऊ. पाऊस सुरू असताना येऊ, म्हणजे उतार दिसेल. मग ठरवू."

परत येताना सुभानपुऱ्यापाशी आल्यावर बेननी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"खरंच चालवणार?"

"बोलून तर बसले."

"मग काले सवारे तयार राहा. आधी कच्चं लायसन्स काढायला जाऊ. शिकवीन मी."

"तुम्ही तर हरकत घेतलीय," मी म्हटलं.

"ती आहेच," त्या म्हणाल्या. "गाडी शिकणं वेगळं."

अशी मी एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकायला लागले. तळ्याच्या पलीकडे एक नवा रस्ता झाला आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना अजून काही बांधलेलं नाही. तिथे बेन आमची गाडी स्वतः नेऊन उभी करायच्या आणि मग आम्ही जागा बदलायचो. पहिल्या दिवशी गाडी इतक्या वेळा बंद पडली की फिरायला निघालेले एक गृहस्थ ढकलू का म्हणून विचारायला आले. बेन कधी ओरडल्या नाहीत. "धीमे धीमे," एवढंच म्हणायच्या, आणि हँडब्रेकवर हात ठेवून बसायच्या. घरी आले की हे विचारायचे, "कितवा... गियर?" दुसरा म्हटलं की समाधानाने मान हलवायचे. तिसरा टाकला असं सांगितलं त्या दिवशी ते बराच वेळ हसत होते. झटका आल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. आठाच्या आकड्यात गाडी फिरवायची असते, तिथे चाक रेषेवर गेलं. आयुष्यभर पोरांच्या वहीतले आठ सुधारले होते. बेनना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बे वार नापास झाले होते," आणि पुढच्या सकाळी पुन्हा त्याच रस्त्यावर घेऊन गेल्या. दुसऱ्या वेळी पास झाले.

मधल्या काळात पावसाळा रंगात आला होता. एका दुपारी मुसळधार पाऊस पडत असताना बेनचा फोन आला. "माझ्या रसोड्यात या. छत्री घेऊन. आत्ताच."

त्यांच्या रसोड्याची, म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी बरोबर आमच्या पट्टीवर उघडते. मी इतक्या वर्षांत तिथे कधी उभी राहिले नव्हते. पावसाच्या वेळी मी शाळेत असायचे, नाहीतर माझ्या घरात दारं लावून. खिडकीतून दिसत होतं, गल्लीतून तांबडं पाणी वळून आमच्या पट्टीत येत होतं आणि मागच्या मोकळ्या जागेतून पसरून तळ्यात उतरत होतं. जिथे गॅरेजचं जोतं यायचं होतं, नेमक्या तिथे ते सगळ्यात रुंद होत होतं.

"जुओ," बेन बोट दाखवून म्हणाल्या. गॅसवर चहा ठेवलेला होता, तो त्यांनी गाळला. आम्ही दोघींनी खिडकीपाशी उभ्यानेच चहा प्यायला.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "त्यांचं बरोबर आहे. मी डोळ्यांनी बघून आले."

त्यांनी विचारलं, "किती... रुंद?"

मी हात पसरून दाखवलं. त्यांनी जुना नकाशा घडी करून ठेवला. मला वाटलं, गॅरेज आता सुटलं, आणि मनाला लावून घेतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागद मागितला. डाव्या हाताने, रेघा वाकड्या-तिकड्या येत होत्या तरी, ते दुपारपर्यंत बसले होते. मी जेवायला वाढलं तेव्हा कागद माझ्यापुढे सरकवला. चार लोखंडी खांब, वर पत्र्याचं छप्पर. खाली फरशी नाही, फक्त चाकांपुरते दगडी पट्टे, मध्ये खडी. बाजूला एका खांबाला कमरेच्या उंचीवर आडवी नळी, धरून उभं राहायला.

इंजिनियर आला तेव्हा तो म्हणाला, "काका, ह्याला गॅरेज कोण म्हणेल? मी सूट मिळवून देतो ना. निदान दोन भिंती तरी ठेवा. वानरं, धूळ..."

ह्यांनी त्याला हाताने थांबवलं. मग बोलले. बोलणं पुरं व्हायला वेळ लागला, पण तो मुलगाही शहाणा, मध्ये बोलला नाही. "भिंती नकोत. पाणी... खालून... जाऊ दे. खांब... पाच फूट... खाली ने. माती... भुसभुशीत आहे."

रिफायनरीत त्यांच्या हाताखालची माणसं त्यांचं कसं ऐकत असतील ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

सुधारलेला नकाशा गेला. श्रावणातल्या एका सकाळी अधिकारी आणि त्यांचा सहकारी पॅन्टचे पाय दुमडून आमच्या पट्टीत उभे राहिले. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि पाणी अजून वाहत होतं. त्यांनी दोन्ही नकाशे पाहिले. नव्या नकाशावर टिचकी मारून विचारलं, "हे कोणी सुचवलं?"

मी व्हरांड्याकडे बोट दाखवलं. अधिकारी पायऱ्या चढून ह्यांच्यापाशी गेले आणि खांबांबद्दल काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ तिथे बसून होते, आणि मी चहा दोनदा दिला.

परवानगी मिळाली, अटींसह. भिंत कधीही घालायची नाही, जमीन पक्की करायची नाही, छप्पर उचलता येईल असं ठेवायचं. मी ती घेऊन बेनकडे गेले. "आता तुमची हरकत मागे घ्या," मी म्हटलं.

"नाही घेणार," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्ही घर विकलं आणि नवीन माणसाने भिंती घातल्या तर? माझा वांधो तिथे फायलीत असलेला बरा." आणि मग लगेच, "गाडी मागे घेताना उजवीकडच्या खांबावर लक्ष ठेवा. आरशात तो दिसत नाही."

मला राग आला नाही. त्या जागी मीही तेच केलं असतं.

छप्पर उभं राहिलं. पहिल्यांदा गाडी आत घेतली तेव्हा हे खुर्ची टाकून समोर बसले होते आणि डाव्या हाताने ये, ये, थांब, अशा खुणा करत होते. त्यांच्या खुणा आणि बेनच्या सूचना एकमेकींच्या उलट होत्या. मी दोघांचंही थोडं थोडं ऐकलं. खांबाला नळी आहे, ती धरून हे आता स्वतः उभे राहतात, वळतात आणि सीटवर बसतात. मी फक्त दार धरते. फिजिओथेरपीला आम्ही दोघंच जातो. परत येताना कधी हरणीच्या बाजूला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे जातो, कधी नुसतंच फिरून येतो. मांडवीत मात्र मी अजून गाडी घालत नाही.

भिंती नसल्यामुळे तळ्याच्या वाटेवरून आमचं छप्पर सरळ दिसतं. गाडी बाहेर असली की खाली दोन खुर्च्या असतात आणि हे तिथे बसतात. फिरायला येणाऱ्यांचा गैरसमज होतो. परवा एक जोडपं कुंपणापाशी थांबलं आणि त्यातल्या बाईंनी विचारलं, "काका, चा मळशे?" चहा मिळेल का म्हणून.

मी स्वयंपाकघरातून बाहेर येत होते, नाही म्हणून सांगायला. त्याआधी ह्यांचा आवाज आला.

"मिळेल," ते म्हणाले. "बसा."

ते दोघं कुंपणाच्या कट्ट्यावर बसले. ह्यांनी त्यांना, तुम्ही कुठले, असं विचारायला सुरुवात केली. मी आत वळून आधण वाढवलं.